हौसानं थंडी कोंडली

एक होता राजा, असं म्हणणार होते. पण आज राजा नको. राजाच्या घराच्या भिंती दगडचुन्याच्या. थंडी कुठून येते ते त्याला काय ठाऊक! आज हौसाची गोष्ट ऐका. ही रागाची गोष्ट आहे, बरं का. मधे हसू आलं तर हसा, पण आहे ती रागाचीच.

तर एकदा काय झालं, डोंगराच्या अगदी माथ्यावर एक गाव होतं. बाकीच्या गावांत थंडी पडते. या गावात ती पडत नसे, चालत यायची. दसरा झाला, नाचणी खळ्यावर आली, की थंडीबाई पलीकडच्या दरीतून उठायची आणि पायवाटेनं वर यायची. उंच, किडकिडीत म्हातारी. अंगावर धुक्याचं लुगडं, पाय अनवाणी. ज्या घराला फट दिसेल त्या घरात शिरायची आणि चुलीपाशी जाऊन बसायची.

मग गावातली माणसं काय करायची? ती यायच्या आधी घर बुजवून घ्यायची. त्या गावात भिंती विटांच्या नव्हत्या. कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, वेलानं आवळून बांधायच्या, की झाला कूड. त्यावर शेणमाती लिंपायची. पावसाळ्यात ती धुऊन जायची, म्हणून दर वर्षी नव्यानं लिंपायची.

आणि हे लिंपण एकट्यादुकट्याचं काम नाही, बरं का. एकानं घराच्या आत उभं राहायचं, एकानं बाहेर. आतल्यानं जिथं माती थापली, तिथंच बाहेरच्यानं थापायची, आणि लगेच थापायची. मग काठ्यांच्या फटींतून इकडची माती तिकडच्या मातीला धरून बसते. एकट्यानं थापायला गेलं तर सगळी माती पलीकडे गळून पडते.

त्या गावाची एक रीत होती. आतल्यानं हाक मारायची, मगच बाहेरच्यानं जायचं. न बोलावता कुणाच्या भिंतीला हात लावायचा नाही. लावला तर त्या घराचा अपमान. हे घर मोडलं, यांचं कुणी उरलं नाही, असा त्याचा अर्थ व्हायचा.

हौसाचा नवरा कुशाबा. बाहेरून लिंपावं तर त्यानंच. त्याचा हात आतल्या हाताला बरोबर सापडायचा, मधे भिंत असली तरी. त्यामुळे गावभरातून त्याला हाका यायच्या. पाटलाची हाक आली, निघाला. गुरवाची आली, निघाला. कुणी गोठ्यासाठी बोलावलं, तरी निघाला.

हौसा म्हणायची, "आणि आपलं घर?"

"करू गं. लोकांची पोरंबाळं आहेत."

"मग ही सावू काय मांजराची आहे?"

कुशाबा नुसता हसायचा. सावूही हसायची. सावू म्हणजे त्यांची मुलगी, तुमच्याएवढीच. बापलेक दोघं हसायला लागली की हौसाला पुढं बोलताच यायचं नाही.

मग एका वर्षी काय झालं, लोकांची घरं करता करता थंडी येऊन ठेपली. हौसाच्या घराची एक भिंत राहिली. घाईघाईनं लिंपली, पण गारठ्यात ओली माती वाळेना. तिला फट पडली. त्या फटीतून थंडीबाई आत आली. कुशाबा सावूला आतल्या अंगाला निजवायचा आणि आपण भिंतीकडे व्हायचा. पौष सरायच्या आत कुशाबा गेला.

सगळं गाव आलं. सगळे म्हणाले, "देवमाणूस होता हो." हौसा एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. सगळ्यांच्या अंगात ऊब होती. सगळ्यांची घरं बुजलेली होती ना.

मग उन्हाळा गेला. पावसाळा गेला. पुन्हा दसरा झाला आणि गावात लिंपणाच्या हाका सुरू झाल्या. हौसाच्या घराच्या काठ्या उघड्या पडल्या होत्या. वाटेवरून चूल दिसायची. जाणारा-येणारा बघायचा आणि मनात म्हणायचा, हिनं हाक मारली की जाऊ. आणि हौसा आत बसून म्हणायची, "मी हाक मारू? यांच्या भिंती लिंपता लिंपता माझं घर उघडं पडलं, आणि मी यांना हाक मारू? मेले तरी मारणार नाही."

मग तिनं एकटीनंच लिंपायला घेतलं. आतून. सगळ्यांना वाटलं, माती गळणार. पण गळली नाही, बरं का. हौसाच्या हातात इतका राग होता, की मातीला हात लागला की चर्र व्हायचं आणि माती जागच्या जागी भाजून निघायची. भिंती लालबुंद झाल्या, मडक्यासारख्या पक्क्या. शेजारच्या वेणूकाकीनं बाहेरून टिचकी मारून पाहिली, तर टण्ण वाजलं.

"हौसे, एकटीनं केलंस गं सगळं! पण ही एवढी फट का राहिली?"

"राहू दे."

"अगं, थंडी येईल ना आत."

"येऊ दे. तिचीच वाट बघतेय."

वेणूकाकी घरी जाऊन म्हणाली, हौसाचं डोकं फिरलं. डोकं काही फिरलं नव्हतं. तापलं होतं.

हौसा त्या फटीपाशी मातीचा गोळा मांडीवर घेऊन बसली. दिवस मावळला, आणि फटीतून आधी एक पांढरं बोट आलं. मग हात आला. मग अख्खी थंडीबाई वाकून आत आली, चुलीपाशी गेली आणि तिनं हात पुढं केले. दाणापाणी आणि लाकडं हौसानं आधीच आत भरून ठेवली होती. तिनं माती फटीवर थापली. चर्र! फट बुजली. मग तिनं दार लावून घेतलं आणि दारही लिंपून टाकलं. वर छपराला धूर जायला एक भोक तेवढं राहिलं. पण थंडी चालते जमिनीवरून. तिला वर चढता येत नाही.

"बस आता," हौसा म्हणाली. "मागच्या वर्षी माझ्या घरातून नेलंस ते परत दे, मग जा."

थंडीबाईनं मान वळवली. "मी काही नेत नाही गं. माझ्या धुक्याला ना पदर, ना ओटी. कशात बांधून नेऊ?"

"खोटं बोलतेस."

"बरं," थंडीबाई म्हणाली, आणि पुन्हा शेकायला लागली.

आता बाहेर काय झालं? थंडी कोंडलेली. मग गावात थंडी नाही. लोकांना आधी फार आनंद झाला. कार्तिक गेला, मार्गशीर्ष आला, तरी माणसं उघडी हिंडताहेत. पोरं पाण्यात डुंबताहेत. पण मग एकेक कळायला लागलं.

पहिला आला येसाजी पाटील. घराबाहेर उभा राहून ओरडला, "हौसा, थंडी सोड बाई! गहू वाढलाय, पण ओंबी धरत नाही. थंडी नसली तर दाणा भरत नाही."

आतून हौसाचा आवाज आला, "पाटील, मागच्या वर्षी तुमचं घर झालं, गोठाही झाला. म्हैस ठणठणीत आहे ना?"

"आहे की! चांगलं दूध देते."

"मग झालं. जा घरी."

पाटलाला काही कळलं नाही. तो निघाला. घराच्या उंबऱ्यावर पोचल्यावर कळलं. त्या दिवशी पाटील जेवला नाही.

आणि आत काय चाललं होतं? हौसा रागानं तापलेली. तिला थंडी लागतच नव्हती. पण सावूला कुठं राग आला होता? सावू लहान. आई बोलत नाही, हसत नाही, मग ती जाऊन म्हातारीजवळ बसायची. "आजी, तुझे हात किती गार!" म्हणायची आणि ते आपल्या हातांत धरून चोळायची. सावूची दिवसभर चाललेली बडबड हळूहळू कमी झाली. हौसाच्या ते ध्यानात आलं नाही. ती थंडीबाईकडे बघत बसली होती.

"दे परत," ती म्हणाली.

"माझ्याकडे नाही गं," थंडीबाई म्हणाली.

मग दुसरी आली वेणूकाकी. "हौसे, पावट्याला फूल येतंय नि गळतंय. डास तर असे झालेत, की पोरं रात्र रात्र अंग खाजवत बसतात. सोड गं तिला आता."

हौसा म्हणाली, "काकी, मागच्या पौषात त्यांचा खोकला तुला ऐकू येत होता का?"

वेणूकाकी म्हणाली, "येत होता."

"मग?"

"मला वाटलं, तू हाक मारशील."

"मला वाटलं, तू येशील."

दोघी भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. मग काकी पदरानं डोळे पुसत निघून गेली. हौसाचा राग मात्र आणखी चढला. रडणं सोपं आहे, ती म्हणाली. मलाही येतं.

आत सावूनं आता भाकरी मागणं सोडलं होतं. पुढं ठेवली की दोन घास खायची, नाही तर नाही. म्हातारीच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहायची.

तिसरा आला भिवा गुरव. तो लांबूनच ओरडला, कारण वाटेत साप होता. "वहिनी! साप बिळात जाईनात! पौषात देवळाच्या पायरीवर वेटोळं घालून बसलेत. मी पूजा कशी करू?"

"आता त्यांचीच पूजा करा, भावजी. नाग आयताच दारात आलाय."

"चेष्टा नाही, वहिनी. काल साप चावून पाटलाचं वासरू मेलं. उद्या एखाद्या पोराला चावेल."

हौसा म्हणाली, "कुणाचं तरी माणूस गेल्याशिवाय तुम्हाला कळत नाही, त्याला मी काय करू?"

फार वाईट बोलली ती. बोलली आणि तिचं तिलाच ते ऐकू आलं. पण तोंडातून गेलं ते गेलं. भिवा गुरव साप चुकवत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसा चूल पेटवायला उठली. सावू आणि ती एका गोधडीत निजायच्या. सावू झोपेत गोधडी आपल्याकडे ओढायची, रोज ओढायची, आणि हौसा रोज तिच्यावर ओरडायची. त्या दिवशी गोधडी सगळी हौसाच्या अंगावर होती. सावू उघडी, म्हातारीच्या पायाशी निजलेली.

"सावू, अगं गोधडी घे की!"

सावूनं डोळे उघडले. "नको आई. आता मला थंडी वाजतच नाही."

हौसाच्या हातातलं लाकूड खाली पडलं. कारण कुशाबा शेवटच्या दिवशी हेच म्हणाला होता. अगदी हेच.

हौसानं धावत जाऊन तिला उचललं. ओठ निळे. पाय लाकडासारखे. हौसानं आपले तापलेले हात तिच्या छातीला लावले, तर सावू कळवळून ओरडली. तिच्या छातीवर लाल बोटं उमटली. असं असतं, बरं का. रागानं माती भाजते. पोर त्यानं शेकत नाही, पोळतं.

मग हौसा थंडीबाईवर ओरडली, "चल, नीघ! नीघ माझ्या घरातून!"

"जाते की," थंडीबाई म्हणाली. "वाट दे."

हौसानं कुदळ उचलली आणि भिंतीवर घातली. टण्ण! पुन्हा घातली. टण्ण! कुदळीचं टोक वाकलं. पहारीनं ढोसलं, तर आतल्या कारवीच्या काठ्या नुसत्या लवायच्या आणि पुन्हा जागेवर यायच्या. कारवी अशीच असते. इकडून ढकललं आणि तिकडून कुणी धरून ओढलं, तरच मोडते. दार तर दिसतच नव्हतं, सगळीकडे सारखीच लाल भिंत. लिंपायला दुसरा हात लागला नव्हता. पाडायला मात्र लागणार होता.

सावू आता डोळेही उघडेना.

मग हौसा छपराच्या भोकाखाली उभी राहिली आणि तिनं हाक मारली. कशी मारली असेल? हात जोडून? रडत? नाही. तिला तसं येतच नव्हतं. तिनं गावाला शिव्या घालत हाक मारली.

"अहो येसाजी पाटील! गोठ्याची भिंत माझ्या घरच्यानं लिंपली, तेव्हा तुम्ही ओसरीवर सुपारी कातरत बसला होता! उठा आता! वेणूकाकी! पदरानं डोळे काय पुसतेस, पदर खोच आणि ये! भिवाभावजी! सापाला ओलांडा नाही तर घेऊन या, पण या! माझी सावू गार पडतेय! सगळ्या गावानं त्यांना खाल्लं, आता माझ्या भिंतीला हात लावा, मेल्यांनो!"

आणि काय सांगू! दार उघडल्यावर बाहेर पळणाऱ्या शेळ्यांसारखं सगळं गाव धावलं. जणू या हाकेची सगळे कधीपासून वाट बघत होते. पाटील धोतर वर खोचून आला. वेणूकाकीच्या हाताला भाकरीचं पीठ तसंच होतं. भिवा गुरव कोयता घेऊन आला आणि भलतीकडेच मारायला लागला.

"तिकडे नाही, भावजी! ती घळीकडची भिंत आहे!" हौसा आतून ओरडली. "माझ्या आवाजाकडे या! खाली! आणखी खाली! पाटील, काठी धरा, नुसते उभे राहू नका!"

"धरली, बाई, धरली!"

"मी ढकलते. ओढा!"

आतून हौसानं खांदा लावला. बाहेरून सगळ्यांनी काठ्या धरल्या. पहिल्यांदा लवल्या. दुसऱ्यांदा कडकडल्या. तिसऱ्यांदा भिंतीला असं भगदाड पडलं, की पाटील काठीसकट मागच्या मागे शेणाच्या घमेल्यात बसला. पण कुणी हसलं नाही. निदान तेव्हा तरी.

हौसानं सावूला भगदाडातून बाहेर दिलं. वेणूकाकीनं तिला पोटाशी धरलं, मग तिच्या सुनेनं, मग पाटलीणबाईंनी. एकीच्या पोटाची ऊब संपली की दुसरी घ्यायची. कोवळ्या उन्हात बायका गोल करून बसल्या आणि सावूला एकीकडून दुसरीकडे देत राहिल्या.

घरात थंडीबाई उठली आणि लुगडं सावरून निघाली. हौसा वाटेत आडवी उभी राहिली.

"का गं आलीस माझ्या घरात? एवढं सांग."

"शेकायला," थंडीबाई म्हणाली. "मला फार थंडी वाजते. चूल दिसली की मी जाऊन बसते. शेजारी कोण आहे ते मला दिसत नाही. माझ्या डोळ्यांत धुकं आहे."

हौसा तिच्या डोळ्यांत बघत राहिली. खरंच, आत धुकंच होतं. दुसरं काही नव्हतं. कुशाबा तिथं नव्हता. कुठंच नव्हता. आता रागावायचं तरी कुणावर?

मग हौसा म्हणाली, "दिसत नाही तर नाही. पण सांगून येता येतं ना? आलीस की एकदम घरात शिरू नकोस. एका संध्याकाळी अंगणात येऊन उभी राहा आणि परत जा. आम्हाला कळू दे."

"कळवीन," थंडीबाई म्हणाली, आणि हौसानं वाट सोडली.

थंडी बाहेर आली तशी सगळ्यांच्या अंगावर काटा आला. साप सरसर बिळात गेले. शेतातला गहू शहारला. पण आता हौसाच्या भिंतीला भगदाड, आणि वर भर पौषातली थंडी! मग त्याच दिवशी लिंपायला घेतलं. बर्फासारखी गार माती. बाहेर पाटील, गुरव, बाकी सगळे, बोटं बधिर झालेली, नाकं गळताहेत. आत एकटी हौसा, आणि तिचं तोंड एक क्षण बंद नाही.

"जोरात थापा! दूध काढताय का म्हशीचं?"

पाटील म्हणाला, "हौसा, राग गेला ना आता?"

"नाही गेला."

"बरं."

"आणि जाईल असं धरून चालू नका."

"नाही धरत, बाई. इथं थापू का?"

"थापा."

तिनं आतून हात टेकला. मातीच्या पलीकडून पाटलाचा हात बरोबर समोर आला. माती धरली. हौसाचा हात या वेळी तापलेला नव्हता, साधा होता, माणसाच्या हातासारखा.

तेवढ्यात बायकांतून आवाज आला. "भाकरी पाहिजे. आणि मला चटणी नको. तिखट असते." सावू बोलली. मग हौसा त्या अर्ध्या भिंतीला टेकून रडली. वर्षभरात पहिल्यांदा रडली. बाहेरच्यांनी तिला रडू दिलं. नुसती माती थापत राहिले.

त्या वर्षापासून गावानं आपली रीत बदलली. हाकेची वाट कुणी बघत नाही. ज्या घरातलं माणूस त्या वर्षी गेलं, त्या घराच्या भिंतीपाशी सगळं गाव आधी जातं. घरातले बोलोत न बोलोत, भांडोत न भांडोत. आपली घरं मागून.

आणि थंडीबाईनंही शब्द पाळला, बरं का. दिवाळीच्या आधी एक संध्याकाळ अशी येते, की अंगणात पाय ठेवला की तळवे गार पडतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. तेव्हा ती येऊन सांगून गेलेली असते. आपण उठायचं आणि गोधड्या उन्हात टाकायच्या.

सावू मोठी झाली. हौसा म्हातारी झाली. दोघी खूप भांडल्या आणि सुखात राहिल्या. गावही सुखात राहिलं. हौसाचा राग? थोडा राहिला. राहू दे तिला. तिचा होता तो.

चला, संपली गोष्ट. पाय आत घ्या. तू भिंतीकडचा सरक इकडे, मधे ये. तिथं मी निजते. आता कुणी बोलायचं नाही. मिटा डोळे.